पुळणीवरचा क गट

काशी लग्न होऊन किहीमला आली त्याला अकरा वर्षं झाली. तिचं माहेर डोंगराच्या पायथ्याशी, भातशेतीच्या गावात. समुद्र तिने जवळून पाहिला तो लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. बराच वेळ बघत उभी राहिली आणि सासूला म्हणाली, "आई, एवढी मोकळी पुळण पडलीय, हिच्यात कोण काय पेरत न्हाय?" तिची सासू मनुबाई अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगून हसायची.

त्या पुळणीत काशी स्वतः काय पेरणार होती, ते तेव्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मनुबाईच्या नारळाच्या वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या तीन खोल्या होत्या. मुंबईचे लोक शनिवारी यायचे, रविवारी दुपारी मासळीचं जेवण जेवून जायचे. मुलगा सदा, काशीचा नवरा, रोह्याच्या कारखान्यात पाळ्या करायचा, पोरं अजून लहान, त्यामुळे घर आणि खोल्या सासूसुनेवर. शनिवार-रविवार म्हणजे घरात सण असायचा, फक्त दुसऱ्यांचा. काशी वाटण वाटायची, सुरमई तळायची, भाकऱ्या थापायची आणि मनुबाई पाहुण्यांशी गोड बोलायची.

चार वर्षांपूर्वी कॉलेजचा खेळशिक्षक रितेश ऑस्ट्रेलियातून शिकून परत आला आणि येताना लांबट चेंडूंची थैली घेऊन आला. तिकडचा तो फुटबॉल. त्याला एवढं मोठं मैदान लागायचं की सबंध तालुक्यात कुठे मिळेना. मग त्याने ओहोटीची पुळण धरली. दोन्ही टोकांना चार-चार बांबू रोवायचे, मधले दोन उंच. मधल्या दोहोंतून चेंडू लाथाडला तर सहा गुण. बाजूने गेला किंवा बांबूला लागला तर एक. चेंडू फेकायचा नाही, मुठीने ठोसायचा. आधी पोरं हसली, मग खेळली, मग बायका आल्या. आता दिवाळी ते शिमगा गावोगावचे संघ खेळतात. पुरुषांचे दोन गट, बायकांचे अ, ब आणि क. गटात पहिला येईल तो संघ वरच्या गटात, शेवटचा खालच्यात. ओहोटी असेल तशा सामन्यांच्या वेळा, पण वार रविवार.

वार रविवार, हेच मनुबाईला झोंबलं. गेल्या दिवाळीत किहीमच्या क गटात काशीचं नाव लागलं, तेव्हा चुलीपुढे बसून तिने सुनेला सुनावलं होतं.

"पाहुण्यांना काय सांगू? सून पुळणीवर उड्या मारतेय, तुम्ही पाव खाऊन घ्या?"

"सकाळी सगळं करून जाईन, आई. तुम्ही नुसतं तळायचं."

"नुसतं तळायचं." मनुबाईने तिच्याकडे पाहिलं. "ऐक. एक वर्ष खेळ. तुमच्या संघाला ब गट मिळाला तर पुढच्या वर्षी बी जा. न्हाय मिळाला तर खेळ बंद. पुढले सगळे रविवार या घराचे."

काशीने मान डोलावली. ती फार बोलणारी नव्हतीच.

त्या मोसमात मनुबाई एकदाही सामन्याला गेली नाही, पण बातम्या घरी यायच्या. रितेश नारळ न्यायला आला की उंबऱ्यातच बसायचा. म्हणायचा, "मावशी, तुमच्या सुनेएवढी उडी अ गटातल्या पोरींची न्हाय." मग कपाळाला हात लावायचा. "पण करते काय, विचारा."

ती करायची ते असं. या खेळात उंच आलेला चेंडू हवेत झेलला की पंच शिटी फुंकतो आणि झेलणारीला आपल्या जागेवरून निवांत लाथ मारायला मिळते. झेलताना पुढच्या बाईच्या पाठीवर गुडघा टेकला, खांद्यावर पाय पडला, तरी चालतं. काशी चढायची, झेलायची, खाली यायची आणि जिच्या अंगाला पाय लागला तिला वाकून नमस्कार करायला जायची. जागा सोडली की पंच खेळ चालू करायचा आणि समोरच्या बायका तिच्या हातातून चेंडू काढून न्यायच्या. दिघीच्या संघातल्या यशराने तर एकदा नमस्कार घेता घेताच चेंडू पळवला होता. जाताना म्हणाली, "खूश रहो, भाभी."

हे ऐकून मनुबाई मनातून सुखावली होती. पुस्तकाला पाय लागो, केरसुणीला लागो, झोपलेल्या पोराला लागो, नमस्कार केल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही सवय या घरचीच. "वळण हाय ते," ती रितेशला म्हणाली.

"वळण हाय, पण तीन सामने गेले त्याच्यात."

तरी किहीमचा संघ सावरला. शिमग्याच्या आधीच्या एकादशीला, दुपारच्या ओहोटीवर, शेवटचा सामना दिघीशी होता. जो जिंकेल तो ब गटात. नेमकी मनुबाईची थोरली लेक किशोरी दिघीला दिलेली, आणि दिघीच्या बचावात तीच. म्हणून मनुबाई पहिल्यांदा पुळणीवर गेली. लेकीला बघायला, असं तिने स्वतःला सांगितलं. उपास होता, पाहुणे सकाळीच काढून दिले होते.

दिघीच्या बायका फेरीबोटीतून खाडी ओलांडून, आगरदांड्याला उतरून टेम्पोने आल्या होत्या. किशोरी आईच्या गळ्यात पडली, काशीच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "आज तुला उडूच देत न्हाय बघ."

मनुबाई सुरूच्या झाडाखाली बसली. सुरुवातीला तिला काही कळेना. बायका या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होत्या, पडत होत्या, ओल्या वाळूने माखून उठत होत्या. चाळिशीच्या, दोन-दोन पोरांच्या बायका. कुणी कुणाला सांभाळून घेत नव्हतं आणि कुणी रडत नव्हतं. लग्नात चालताना पदर सावरणारी शेजारची नीराबाई आडवी झेपावून एकीची कंबर धरत होती. मनुबाईने डोळ्यांवर हात धरला आणि जरा पुढे सरकली.

मग तिला एक गोष्ट दिसली, जी घरच्यांशिवाय कुणालाच कळली नसती. चेंडू उंच आला आणि खाली दुसरी कुणी असली की काशी चढायची. नमस्काराची खोडही तिने मोडलेली दिसली. हात जेमतेम हलायचा आणि थांबायचा. पण खाली किशोरी असली की ती उडतच नव्हती. दोन पावलं अलीकडे थबकायची आणि किशोरी आरामात चेंडू घ्यायची. थोरल्या नणंदेच्या पाठीवर पाय, आणि तोही सासूच्या डोळ्यांदेखत.

तिसऱ्या खेपेला किशोरीच वैतागली. "उडत का न्हायस गो? आई बसलीय म्हणून?"

काशी वळून आपल्या जागेवर गेली. उड म्हणून मनुबाईला ओरडून सांगता आलं असतं, पण तिच्या मनात आलं, असंच चालू दे, रविवार आपले राहतील. आणि मनात आलं त्याची तिला थोडी लाजही वाटली.

शेवटी शेवटी दिघी चार गुणांनी पुढे होती. किहीमच्या एकीने मैदानाच्या मधूनच चेंडू उंच लाथाडला. तो वारा खात, गिरक्या घेत बांबूंच्या दिशेने आला. खाली किशोरी, पाय रोवून, हात वर करून उभी. मागून काशी धावत येत होती. मनुबाईला वाटलं, आता थबकेल.

काशी थबकली नाही. तिचा गुडघा किशोरीच्या खांद्याला लागला आणि त्यावरून ती आणखी वर गेली. किती वर, ते मनुबाईला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. चुलीपुढे बसलेली, विहिरीवर वाकलेली, फडक्याने फरशी पुसत मागे मागे सरकणारी बाई तिने अकरा वर्षं पाहिली होती. ही तीच होती, पण तिच्या पायांखाली आता माणूस होतं आणि माणसाच्याही वर ती होती, दोन्ही हात पसरून, तोंड आभाळाकडे करून. ती लगेच खाली आलीच नाही, असं मनुबाईला वाटलं. मनुबाईच्या अंगावर काटा आला. देवळात पालखी उठते तेव्हा येतो तसा.

मग ती आदळली. चेंडू छातीशी होता. शिटी वाजली.

किशोरी खांदा चोळत उठली. काशीने तिच्याकडे पाहिलं. हात जेमतेम हलला.

"आधी मार," किशोरी म्हणाली. "पाया घरी पड."

काशी नमस्काराला गेली नाही. मागे सरकली, धावली, लाथ मारली. चेंडू सरळ गेला, सरळ गेला आणि शेवटच्या क्षणाला वाऱ्याने जरासा वळून मधल्या बांबूवर ठक्कन आपटला. एक गुण. थोड्याच वेळात शेवटची शिटी झाली. दिघी तीन गुणांनी जिंकली.

संध्याकाळी किशोरी घरी थांबली. काशीने तिच्या खांद्याला तेल-हळद लावली आणि खरोखरच पाया पडली. किशोरीने टपली मारून तिला उठवलं. मग काशीने भात टाकला, मनुबाईसाठी रताळी उकडली. रोजच्यासारखीच वाकून चूल फुंकत होती. मनुबाई पाटावर बसून तिच्याकडे बघत होती. या बाईला पाणी आण म्हणावं की नाही, असा तिला प्रश्न पडला होता.

ताट पुढे ठेवून काशी म्हणाली, "आई, ब गट न्हाय मिळाला. ठरलं तसं, रविवार घरचे."

मनुबाईने रताळं सोललं, खाल्लं नाही.

"काशे, वर गेल्यावर काय दिसतं?"

काशीला प्रश्नच कळला नाही. मग तिने विचार केला. "काय न्हाय दिसत, आई. चेंडू फक्त. तेवढा वेळ कोणच दिसत न्हाय. ताई न्हाय, पोरं न्हाय." ताट सरळ करत म्हणाली, "तुम्ही बी न्हाय."

किशोरी हसणार होती, पण आईचं तोंड बघून थांबली.

मनुबाईला राग यायला हवा होता. आला नाही. ती आपलं सगळं आयुष्य चाचपून बघत होती. सासू दिसत नाही, नवरा दिसत नाही, पाहुणे दिसत नाहीत, चूल दिसत नाही, असा एक क्षण, डोळे उघडे असताना, आपल्या वाट्याला कधी आला होता का? झोपेतसुद्धा तिला उद्याचं दूध आठवायचं. आणि ही सांगत होती, जणू सगळ्यांनाच ते मिळतं.

मग ती म्हणाली, "पुढच्या दिवाळीपासून पाहुण्यांना आधीच सांगायचं. शनिवारी रात्री जेवण. रविवारी फक्त चहा-पोहे, आणि दहाला खोली मोकळी."

काशी हातात डाव घेऊन उभी राहिली. "पाहुणे ऐकतील?"

"न ऐकून जातात कुठे. पोहे मी करते," मनुबाई म्हणाली. "तू बस. भात वाढून घे."