धाकटीचा दुसरा फोटो

आमची धाकटी जाऊ कल्ला उघडून आतून लाल आहे का बघितल्याशिवाय मासा घ्यायची नाही. घणसोलीच्या बाजारात मासेवाल्या वैतागायच्या. "गो बाय, मासा घेतंस का नवरा बघतंस?" ती म्हणायची, "नवरा असा बघितला असता, तर घेतलाच नसता."

पुढे तिच्या छातीत गाठ निघाली. फोटो काढायला मी तिला वाशीला नेलं. मशीनवरच्या बाईने गळ्यातलं काढायला सांगितलं. धाकटीने मंगळसूत्र काढून माझ्या मुठीत दिलं. सुईतून औषध सोडून तिला पालथी आत सरकवली.

डॉक्टरने फोटो समजावला. गाठ स्वतःसाठी रक्ताच्या नव्या नळ्या वाढवते. औषध त्यांतून जातं, म्हणून ती उजळते. आमचे भाडेकरू न विचारता पाण्याची लाइन ओढतात, तसंच. ते लाल जाळं बघून मी तोंड फिरवलं. धाकटी मात्र वाकून बघत होती. "कल्ला लाल हाय गो. मेली ताजी हाय."

गाठीवरचं औषध सुरू झालं. सहा आठवड्यांनी दुसरा फोटो काढायचा होता. नळ्या सुकल्या नाहीत तर लगेच औषध बदलायचं, उशीर करायचा नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं.

तेवढ्यात तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, दारू पिऊन गटारात पडला. पाय मोडला. हिने फोटोसाठी मंगळसूत्र काढून गळा मोकळा केला म्हणून हे झालं, असं सगळं घर म्हणू लागलं. दुसऱ्या फोटोचं नाव काढलं की तो खाटेवरून ओरडायचा, "मी मरावा म्हनून काढतंस काय?"

मी म्हटलं, "तुला दारूनं पाडला, मन्यांनी नाय."

धाकटी म्हणाली, "जाऊबाय, यांचा पाय बरा होऊ दे. मग जाऊ."

मी तिला ओढत न्यायला हवं होतं. नेलं नाही. पाय बरा व्हायला तीन महिने लागले. तोवर ती तेच जुनं औषध घेत होती, आणि त्याचं लघवीचं भांडं उचलत होती.

दुसऱ्या फोटोत जाळं काखेपर्यंत गेलेलं. धाकटीने तो बघितला आणि मला म्हणाली, "चल, घरी भात लावायचा हाय."

सवाष्ण गेली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. बायका रांगेने तिच्या पाया पडल्या. "भाग्याची गो बाय!" दीर दोन्ही पायांवर धड उभा राहून मान डोलावत होता.

मी पाया पडले नाही. त्याच्या घरचं पाणी मी अजून पीत नाही.