दार कुठे उघडायचं

"पानीच सांगते, साब. आपण नुसतं बघायचं." असं म्हणून आमचा मिस्त्री नव्या फरशीवर मगभर पाणी ओतायचा आणि ते जाळीकडे जातंय का, ते उकिडवा बसून पाहायचा. जरा कुठे पाणी रेंगाळलं, की स्वतःच बसवलेली फरशी उखडायचा. मालक 'चालेल' म्हणाला, तरी याचं आपलं, "नक्को. चालत नै."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामाला पक्की आणि डोक्याला ताप.

नांदेडकडचा हा माणूस हैदराबादेत लोकांची बाथरूमं नवी करून द्यायचा. मलकपेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याला आणलं ते आईसाठी. तिचे गुडघे पार गेले होते. आधाराचा दांडा बसवण्याआधी त्यानं आईला उभं करून उंची मोजली. "लाजू नका अम्मा, पूरा जोर देऊन धरा." आई खूश! त्याच्या चहात ती जास्तीचं दूध घालायची. मला कधी घातलं नाही.

आमचं वाजलं ते बाथरूमच्या दारावरून. दार बाहेरच उघडायला हवं, हा त्याचा हट्ट. "अंदर पडल्या तं दार अम्मांनाच अडकंल. मग ढकलायचं कसं, बोला?" पण बाहेर उघडलेलं दार थेट बुद्धवंदनेच्या जागेसमोर येत होतं. आई म्हणाली, "मूर्ती त्या भिंतीला ठेवू की. बुद्ध काय रागावतो होय?" मला मात्र पाहुण्यांची लाज वाटली. मी त्याला खोटंच सांगितलं, "आईला चालत नाही." आईचं नाव ऐकून त्यानं दार आत उघडणारं बसवलं.

वर्षाच्या आत, एका सकाळी आई आत पडली. दार दोन बोटं उघडलं आणि तिच्या अंगाला अडलं. "ढकलू नको रे, लागतंय," ती आतून म्हणत होती. फोन केल्यावर तो नारायणगुड्यातलं काम टाकून धावत आला आणि त्यानं दार फोडलं. तोवर आईचा आवाज थांबला होता.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो चपलांपाशीच बसला. "अम्मा ना बोलल्या, तरी मी ऐकायचं नव्हतं. माझी गलती, साब." चारचौघांत मी फक्त "असू द्या" म्हणालो. इतका भेकड मी आहे, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर त्यानं कामच सोडलं.

गेल्या महिन्यात खरं सांगायचंच म्हणून फोन लावला. त्याच्या मुलीनं उचलला.

"बाबा गेले, अंकल. लास्टपर्यंत एकच बोलायचे, माझ्या हातून एक अम्मा गेल्या."

तिलाही मी काही सांगितलं नाही.