एक पिवळी लावा, सिस्टर!

सलाईनची एक बाटली अंगात जायला दीड-दोन तास लागतात. एवढा वेळ आमच्याकडचा माणूस हाताने बांधलेला आणि तोंडाने मोकळा! मग बोलणार नाही तर काय करणार? मांडवीजवळच्या आमच्या दवाखान्यात खाटा चार, डॉक्टर एक आणि सिस्टर एक. ती मी. बावीस वर्षं बाटल्या लावतेय. रिकाम्या बाटल्या टाकून देता येतात, किस्से कुठे टाकणार? साठतच जातात.

आधी आमच्याकडची भाषा सांगते. लोकांच्या लेखी सलाईनच्या बाटल्या दोन, पांढरी आणि पिवळी. खरं तर बाटली तीच. आत व्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडलं की पाणी पिवळं दिसतं, एवढंच. पण पांढरी म्हणजे नुसतं पाणी आणि पिवळी म्हणजे ताकद, हे इथल्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलंय. दारातूनच ऑर्डर येते, "सिस्टर, एक पिवळी लावा!" मी जशी काय इथे भजी तळायला बसलेय!

डॉक्टर मूळचे सांगलीकडचे. ते जीव तोडून सांगतात, "अहो, तोंडानं खाताय, पिताय, पचतंय. मग शिरेतनं कशाला? पेजेत मीठ टाकून प्या. शहाळं प्या." पावसकडच्या एका बागायतदाराने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शहाळी माझ्याच बागेतली हायत, डॉक्टर. घरच्या वस्तूनं कुणाला गुण आलाय काय?"

*

या पिवळीच्या भक्तांमध्ये आमच्या जाधवबाई पहिल्या नंबरच्या. शाळेत शिक्षिका होत्या, रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. मिस्टर गेले, मुलगा मिलिंद कल्याणला. बाई पावसच्या अलीकडे घरात एकट्या राहतात. घरामागे आठ कलमं आहेत, हापूसची. सगळी त्यांच्या हातची.

बाई आल्या की "जय भीम, सिस्टर" म्हणतात आणि सरळ खाटेवर जाऊन बसतात. दुखणं काही नसतं. मुलगा यायचा असला की त्या येतात, हे मला तीन-चार खेपांनंतर कळलं.

एकदा त्या बसल्या असतानाच मिलिंदचा फोन आला. बाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. सगळ्या दवाखान्याने ऐकलं. "आई, तुला आता तिकडे झेपत नाही. बॅग भरून ठेव. मी न्यायला येतोय."

बाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "बघा! आला की आधी माझं तोंड निरखतो. जरा ओढलेलं दिसलं की झालं, चल कल्याणला. तिथे गॅलरीत कढीपत्ता लावायचा तर सोसायटीला विचारावं लागतं हो! मी काय करू तिथे? लावा एक पिवळी. चेहरा टवटवीत दिसला पाहिजे."

डॉक्टरांनी त्या दिवशी लावू दिली. बाई मला पहिलीच्या वर्गाची गंमत सांगायला लागल्या आणि "सगळ्यांनी हात वर करा" म्हणताना स्वतःचाच सलाईनचा हात वर! नळीत रक्त उलटं चढलं. मी ओरडले, "बाई, हात खाली!" बाई म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं."

*

एका रिक्षावाल्याला दोन दिवस उलट्या होत होत्या. त्याला सलाईनची गरज होती आणि डॉक्टरांनी त्याच्या हट्टाखातर पिवळी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच हा पायरीवर बसलेला. तोंड एवढंसं झालेलं.

"सिस्टर, मला कावीळ झाली. लघवी हळदीसारखी होतेय. घरच्यांनी रडून गोंधळ घातलाय. उसाचा रस प्यायलो, पथ्य सुरू केलंय, हळद बंद, तेल बंद."

डॉक्टर हसायला लागले. म्हणाले, "अरे, अंगाला हवं तेवढं व्हिटॅमिन अंगानं ठेवलं. बाकीचं बाहेर टाकलं. पिवळं दिसणारच!"

तो मग म्हणाला, "म्हणजे ताकद आली ती सगळी गटारात गेली?"

"आता कसं बोललास!" डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून तो रिक्षात बसणाऱ्या प्रत्येकाला पिवळी घेऊ नका म्हणून सांगतो. फुकट जाहिरात म्हणतात ती ही, पण उलटी!

*

शिरा सापडणं ही नशिबाची गोष्ट आहे. अंगात पाणी कमी असलं की शिरा दडून बसतात. बाजारात मासे विकणाऱ्या एक मावशी आल्या होत्या, जुलाबांनी हैराण झालेल्या. मी एकदा टोचलं, शीर निसटली. दुसऱ्यांदा टोचलं, तेच. तिसऱ्यांदाही हुकल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी डोळे मिटून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "गो बाय, मघापासनं गळ टाकून बसलीस. मासा काय लागत नाय तुला!"

मग त्यांनीच दुसरा हात पुढे केला, मनगटाच्या वर बोट ठेवलं. "हितं बघ." तिथे टोचलं आणि पहिल्याच फटक्यात लागलं. आता बाजारात दिसल्या की लांबूनच ओरडतात, "काय सिस्टर, लागतात काय मासे?" लोकांना वाटतं, माझा नवरा खलाशी आहे.

*

एस.टी.चे एक ड्रायव्हर तापातून उठून आले होते. त्यांना अजिबात दम धरवत नव्हता. सोबत कंडक्टर मित्र. मी जरा बाजूला गेले तेवढ्यात ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "ही गाडी घाटातच अडकलीय. सोड जरा." कंडक्टरने सलाईनचं चाक फिरवून धार मोकळी केली. पावसाळ्याचे दिवस, गार पाणी भराभर अंगात. पाच मिनिटांत ड्रायव्हर हुडहुडी भरून खाटेसकट हलायला लागले.

कंडक्टर घाबरून बाहेर पळत आला. त्याला शब्दच सुचेनात. शेवटी ओरडला, "सिस्टर, सिंगल बेल! सिंगल मारा, सिंगल!"

मी चाक बंद केलं, दोन ब्लँकेटं घातली आणि दोघांनाही चांगलंच झापलं. अर्ध्या तासाने चाक पुन्हा हळू सुरू केलं, तेव्हा कंडक्टर कोपऱ्यातून पुटपुटला, "डबल."

*

गेल्या वर्षी डॉक्टरांची पुतणी पुण्याहून आली. तीही डॉक्टर. वरच्या मजल्यावर तिने एसी लावला, आरामखुर्च्या टाकल्या, बारीक आवाजात गाणी लावली आणि पाटी लागली, "व्हिटॅमिन अँड हायड्रेशन थेरपी". खाली सलाईन, वर थेरपी! वर येणारी माणसं आजारी नसतात. कुणाचं लग्न जवळ आलेलं असतं, कुणी रिसॉर्टवर जागून थकलेलं असतं.

पण पोरगी शहाणी आहे हो. बीपी बघते, किडनीचं विचारते, हृदयाचं विचारते, मगच हो म्हणते. "थोडं तरतरीत वाटेल, तेही प्रत्येकाला नाही. जादू नाहीये ही," असं स्वतःच सांगते. डॉक्टर म्हणतात, असं खरं बोलून धंदा कसा होणार!

मार्च संपता संपता जाधवबाई आल्या. या वेळी डॉक्टरांनी साफ नकार दिला. "बाई, तुमचं रक्त चांगलं आहे, बीपी चांगलं आहे. मी उगाच सुई टोचणार नाही." बाई उठल्या आणि सरळ जिना चढून वर गेल्या.

वर आधी फॉर्म भरावा लागतो. बाईंनी तो फळ्यावर लिहावं तशा अक्षरात भरला. शेवटी "आपले उद्दिष्ट" असं होतं आणि पुढे चौकोन. चेहऱ्यावर तजेला, केसांची वाढ, थकवा कमी होणे, इतर. बाईंनी "इतर"वर खूण केली आणि पुढे लिहिलं, "स्वतःच्या घरी राहणे."

पुतणी तो फॉर्म घेऊन खाली आली. डॉक्टरांपुढे ठेवला आणि विचारलं, "काका, याच्यासाठी कुठलं व्हिटॅमिन?"

डॉक्टरांनी तो वाचला आणि माझ्याकडे सरकवला. मला तर रडूच आलं. त्या दिवशी बाईंना पिवळी मिळाली नाही. मी चहा करून दिला, तो घेऊन त्या एस.टी.ने घरी गेल्या.

*

आता शेवटचा. मे महिन्यातला.

मिलिंद आईला न्यायलाच आला होता, या खेपेला ठरवूनच. आदल्या दिवशी दहा तास गाडी चालवली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, निघायच्या आधी कलमांवरचे आंबे उतरवून घेतो. भर बारा वाजता घळ, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, घेऊन झाडावर चढला. डोक्याला टोपी नाही, पोटात पाणी नाही. आई खालून ओरडतेय, "अरे उतर, ऊन बघ केवढं आहे!" तर म्हणतो, "तू सावलीत बस, तुला झेपणार नाही!" चार झाडं झाली आणि पाचव्याखाली उतरताच भोवळ येऊन बसला. उलट्या, पायात गोळे.

बाईंनी शेजारची रिक्षा बोलावली, त्याला धरून आत बसवलं आणि घेऊन आल्या. एकट्याच. पदर खोचलेला, हातात लिंबू-सरबताची बाटली. आल्या आल्या मला म्हणाल्या, "सिस्टर, पांढरी. याला पाणीच हवंय."

डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. "पांढरीच."

शीर पहिल्या झटक्यात लागली. बाई उशाशी बसून वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. चेहरा घामाने निथळलेला, पण एवढा टवटवीत मी कधी पाहिला नव्हता. अर्धी बाटली गेली, मिलिंदच्या तोंडावर जरा रंग आला आणि त्याचा फोन वाजला. कल्याणहून त्याची बायको. फोन आईच्या हातात, आणि अर्थातच स्पीकरवर.

"निघालात का? आईंची बॅग भरून झाली ना?"

मिलिंदने हात पुढे केला, तो सलाईनचा निघाला. मी म्हटलं, "हात खाली!" बाईंनी फोन तोंडाजवळ धरला आणि वर्गात बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगो, याला आता झेपत नाही. याची बॅग भरून ठेव. मी येते न्यायला!"