जावयावरचा राग, पेटीवर

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाइतका संतापी माणूस अख्ख्या बेंगळुरात झाला नाही आणि होणारही नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणे. अण्णा उठल्याबरोबर नळावर चिडत, मग लायटरवर, मग स्कूटरवर. स्कूटर चालू झाली नाही की खाली उतरून, तिच्यासमोर उभं राहून विचारत, "काल संध्याकाळी बरी होतीस की! आज काय धाड भरली तुला?" एकदा बसथांब्यावर त्यांनी आपल्या न उघडणाऱ्या छत्रीला असं फैलावर घेतलं की रांगेतल्या एका बाईंनी स्वतःची छत्री पदराआड लपवली. माणसांवर मात्र ते क्वचितच चिडत, आणि माझ्यावर तर कधीच नाही. त्यांचं घराणं बेंगळुरात येऊन पिढ्या लोटल्या होत्या, बोलण्यात कानडी मिसळली होती, पण जावयाला शब्दानं दुखवायचं नाही हा घरचा नेम तसाच होता. मी पुण्याहून येऊन लग्नानंतर त्यांच्याच घरी राहिलेला. मला हा नेम सुरुवातीला फार सोयीचा वाटला.

तो किती छळवादी आहे ते नंतर कळलं. जावयाचा आलेला राग कुठेतरी काढायला हवाच, आणि अण्णा तो जवळच्या वस्तूवर काढत. मी उशिरापर्यंत लोळत पडलो की भिंतीवरचं घड्याळ बोलणी खाई. "आठ वाजवलेस! लाज नाही?" मी पांघरुणात धुमसायचो. उठून जाब विचारावा, तर चेहरा एकदम मऊ. "तुम्हाला कोण काय म्हणालं, जावईबापू? स्वल्प कॉफी घ्या." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? आजही आठवलं की डोकं तापतं.

नव्वदच्या दशकात जे. पी. नगरमधल्या त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटरचा क्लास काढला. कॉम्प्युटर एकच, मॉनिटर चार. मध्ये स्प्लिटर, म्हणजे एकाच कॉम्प्युटरचं चित्र चारही पडद्यांवर वाटून देणारी, जेवणाच्या डब्याएवढी पेटी. विद्यार्थी जेमतेम सहा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला होसकोट्याच्या एका कारखान्याचे मॅनेजर क्लास बघायला यायचे होते. पसंत पडला तर वीस कारकून शिकायला पाठवणार होते. नाही पडला तर क्लास बंद करून, बायकोला घेऊन मी पुण्याला परत जायचं, असं मी ठरवलं होतं. आईवडील गेल्यावर अण्णांनीच तिला लहानाचं मोठं केलं होतं. माझा बेत ऐकून ते मला एक अक्षर बोलले नाहीत. माळ्यावरून काढलेल्या माझ्या सुटकेसला मात्र दोन लाथा बसल्या.

मॅनेजर यायच्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू करून बघतो तर दोन मॉनिटर ठीक, तिसरा कावीळ झाल्यासारखा पिवळा आणि चौथा काळा ठिक्कर. मी दुकानदाराला शिव्या घातल्या, विजेला घातल्या, पेटीला थपडा मारल्या. अण्णा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. जन्मभर कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही त्यांची शिस्त. आधी केबली बदलल्या. पिवळेपणा जागचा हलेना. मग मॉनिटर बदलले, तर चांगला मॉनिटरही तिसऱ्या जागी लावला की पिवळा पडे. "केबल सरी, मॉनिटर सरी, दोन्ही ठीक," अण्णा म्हणाले, "ही पेटीच बदमाश आहे." त्यांनी प्लग काढला, पेटी खिडकीच्या उजेडात नेली, तिच्या मागच्या, केबली खोचायच्या चार तोंडांकडे निरखून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पेटीकडे वळले.

"तोंडात गंध घेतं का कुणी? अक्कल कुठे ठेवलीस?"

खंडेनवमीला यंत्रांची पूजा मी हट्टानं स्वतः केली होती. सासरच्यांना बरं वाटावं म्हणून सगळ्या केबली काढल्या, पेटी लखलखीत पुसून पाटावर मांडली आणि चार तोंडांपैकी कुणावर अन्याय नको म्हणून चारही तोंडांना सढळ हातानं गंध लावलं. दोन ठिकाणी ते कडेला ओघळलं होतं. उरलेल्या दोन ठिकाणी बारीक भोकांत शिरून वाळलं होतं.

बायकोची शिवणाची सुई घेऊन अण्णा तासभर एकेक भोक कोरत बसले आणि तासभर पेटीला झाडत राहिले. "शिकलेली म्हणे! चौघांना शिकवते म्हणे! एवढंही कळत नाही?" माझं अंग रागानं पेटलं होतं. आता सरळ तोंडावर बोला, असं म्हणायला मी पुढे झालो, तेवढ्यात ते म्हणाले, "आणि माझ्या बहिणीला घेऊन पुण्याला निघाली!" सुई हातातच थांबली. मला फार लाज वाटली. दारातून बायको हळूच म्हणाली, "अण्णा, अडीच वाजले."

तीन वाजता चारही पडद्यांवर एकच चित्र होतं. मॅनेजरांनी सगळं पाहिलं आणि पेटीच्या कडेचे गंधाचे ओघळ बघून भुवया उंचावल्या. मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "पूजा मी केली सर. जुना माणूस मी, स्वल्प जास्त लागलं." मॅनेजर हसले. पुढच्या सोमवारी वीस कारकून आले आणि सुटकेस माळ्यावर परत गेली.

पुढच्या खंडेनवमीला अण्णांनी सगळ्यांच्या देखत गंधाची वाटी माझ्याच हातात दिली, पेटीच्या झाकणाच्या मधोमध बोट ठेवलं आणि तिला दम भरला, "यंदा तोंड मिटून बस."

आता अण्णा नाहीत. आम्ही पुण्याला गेलो नाही. सकाळी मी हवा तेवढा वेळ लोळतो, घड्याळाला कुणी काही बोलत नाही, आणि ते मला सहन होत नाही. पेटी केव्हाच बंद पडली आहे. तरी दर खंडेनवमीला मी ती कपाटातून काढतो, झाकणावर गंध लावतो आणि तिच्यावर मनापासून चिडतो. "ते गंध मीच लावलं होतं, हे अण्णांपाशी एकदा कबूल करायला तुला काय धाड भरली होती?"