खरं बोलण्याची नोकरी

तत्त्वज्ञानात एम.ए. झालेल्या माणसाला किती तऱ्हेच्या नोकऱ्यांवरून काढून टाकता येतं, याचा शोध उभ्या मराठवाड्यात माझ्या खोलीसोबत्याइतका कुणी लावला नसेल. सत्तरच्या दशकात औरंगाबादेत, उस्मानपुऱ्यातल्या एका खोलीत आम्ही दोघं चार वर्षं राहिलो. विषय दोघांचाही तत्त्वज्ञान. सरांच्या तासाला मला हमखास डुलकी लागायची. तेच सगळं हा स्टोव्हवर पिठलं ढवळता ढवळता असं समजावून सांगायचा, की पिठलं करपलं तरी दोघांना पत्ता नसे. मी पास झालो तो त्या करपलेल्या पिठल्यावर. खोटं मात्र त्याला बोलता येत नसे. घरमालकीणबाईंनी एकदा वांग्याची भाजी दिली आणि कौतुकानं विचारलं, कशी झाली. यानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "काकू, मीठ सोडलं तर तिच्यात दुसरं काही आढळलं नाही." त्यानंतर वर्षभर आमच्याकडं भाजी आली नाही.

पहिली नोकरी लासूर स्टेशनला, धान्याच्या आडतीवर. तेव्हा बोली रुमालाखाली व्हायची. व्यापारी रुमालाआड आडत्याची बोटं दाबून भाव कळवायचा आणि ज्याचा माल तो शेतकरी नुसता रुमालाकडं बघत उभा असायचा. मालकानं याला बोटांच्या खुणा शिकवल्या आणि स्वतःच्या जागी उभं केलं. याचा साधा हिशेब, की माल ज्याचा त्याला भाव ऐकू यायला हवा. व्यापाऱ्यानं बोटं दाबली रे दाबली, की हा तो आकडा खणखणीत आवाजात सांगून मोकळा. "पोरगं लई खरं बोलतंय," एक म्हातारा शेतकरी हळहळला, "टिकायचं नाय इथं." दुपारच्या गाडीनं स्वारी परत आली, आणि आल्या आल्या मला विचारलं, यात माझं चुकलं कुठं?

अशाच आणखी दोन-तीन नोकऱ्या सुटल्या, मग गुलमंडीवर कापडाचं दुकान. बाईंनी विचारावं, "रंग जाणार नाही ना?" यानं सांगावं, "आजवर गेला नाही, एवढंच म्हणता येतं. उद्याचं कशावरून सांगू?" दुकानाचे मालक चाचा कपाळाला हात लावायचे. "मियाँ, आदमी तुम हीरा है," ते म्हणायचे, "मगर गिऱ्हाइक क्यों भगाते?" तरी त्यांनी त्याला काढलं नाही. त्याला बघत बसायला त्यांना आवडायचं, असं मला वाटतं.

अशात एका नव्या कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची एकच जागा निघाली. अर्ज आम्हा दोघांचे. पैठणच्या एका मुलीशी माझं लग्न ठरण्यात होतं आणि तिच्या वडिलांनी रोखठोक सांगितलं होतं, "दिवाळीपातूर नोकरी लागली तर ठीक, नायतर दुसरं स्थळ हाय." हे त्याला माहीत होतं. मुलाखतीला तो आधी आत गेला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय विचारलं रे?"

"बाहेर बसलाय तो कसा शिकवतो, म्हणाले. सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं."

"अरे, मी कधी कुणाला शिकवलंय?"

"जा आत," तो म्हणाला. "बोलावतायत तुला."

जागा मला मिळाली, मुलगीही. तो चाचांच्या दुकानात राहिला, गिऱ्हाइकांपासून लांब, आतल्या बाजूला कापडाच्या घड्या घालत. संध्याकाळी शहरातली रिकामटेकडी विद्वान मंडळी तिथं जमायची आणि त्याचं ऐकायची. माझ्या वर्गात दर जूनमध्ये कुणीतरी विचारायचंच, "सर, तत्त्वज्ञान घेऊन पुढं काय करता येतं?" मी वकिली, वर्तमानपत्र, सरकारी परीक्षा अशी यादी सांगायचो. त्याचं नाव घेण्याचा धीर मला झाला नाही.

गेल्या वर्षी तो गेला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, असं सगळे म्हणाले आणि मीही मान डोलावली. पण एकदा, त्या मुलाखतीत, तो खोटं बोलला होता, आणि त्या एका खोट्यावर मी तीस वर्षं शिकवलं. हे मला ठाऊक आहे, एवढं तरी त्याला सांगायला हवं होतं. ते राहून गेलं.