पोचू चौकीदार आणि लाल विटांचा बंगला

पोचू चौकीदार मोठा इमानी, असं अख्खा गाव म्हणायचा. म्हणेना का! त्याच्या पोटात काय जळत होतं ते गावाला कुठं ठाऊक होतं?

सिंदेवाहीपलीकडच्या जंगलात लाकडाच्या ठेक्यावर आलेल्या गोऱ्या साहेबानं हा बंगला बांधला, तेव्हा पोचू दहा वर्षांचा होता. विटा भाजायला साहेबाच्या मुन्शीनं साजाचं झाड तोडायला लावलं. साजा म्हणजे गोंडांच्या देवाचं ठाणं. पोचूच्या बापानं मुन्शीचे पाय धरले, एवढं झाड सोडा म्हणून विनवलं. मेल्यानं त्याला चाबकानं फोडून काढलं आणि देव भट्टीत घातला. बापानं अंथरूण धरलं ते धरलंच, महिन्याभरात गेला.

मोठेपणी पोचू त्याच बंगल्यावर चौकीदार झाला. पोटासाठी दुसरं काय करणार? दर भादव्यात भिंतींत उगवलेली पिंपळाची रोपं उपटायची, हेही त्याचंच काम. पंचवीस वर्षं त्यानं ते निमूट केलं.

स्वातंत्र्य आलं, साहेब गेला, आणि बंगला घेतला कोणी? त्याच मुन्शीच्या पोरानं, गुणवंतरावानं! बावन्न साली ओसरीवर पाहुण्यांना चहा पाजताना तो फुशारकी मारू लागला, "आमच्या बापानं गोंडाचा देव जाळून भाजल्या ह्या इटा." पाहुणे खो खो हसले. कपबशा उचलणाऱ्या पोचूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरायच्या आधी हा बंगला पडलेला बघायचाच, असं त्यानं मनाशी ठरवलं. त्या भादव्यात मागच्या भिंतीतलं एक रोप त्यानं उपटलं नाही.

गुणवंतरावाला दिसला तेव्हा पिंपळ कमरेएवढा झाला होता. तोडायला एकही मजूर तयार होईना, सगळ्यांनी कानाला हात लावले. साजा तोडताना कुठं गेली होती ही भीती? त्यात मालकीणबाई कमळाबाई पडल्या भाविक. पिंपळावर कुऱ्हाड चालली तर माहेरी निघून जाईन म्हणाल्या, आणि दर शनिवारी त्याला पाणी घालू लागल्या. विहिरीवरून घागरी आणायचा पोचू. एक मागितली की दोन आणायचा. मुळांनी मागच्या भिंतीला पाडलेल्या भेगा त्याला रोज दिसत, पण त्यानं कुणाला सांगितलं नाही.

अठ्ठावन्नच्या श्रावणात, भर दुपारी, मागची भिंत बसली आणि छपरासकट अर्धा बंगला खाली आला. सगळे पुढच्या अंगणात होते म्हणून वाचले. गुणवंतराव ढिगाऱ्यापाशी धावला.

"इतकी वर्सं भेगा पाहून राह्यला होता तू," तो पोचूला म्हणाला. "मले सांगतलं काऊन नाई?"

पोचूनं पहिल्यांदाच मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"माह्या बापानं सांगतलं होतं तुमच्या बापाले, पाय धरून. आयकलं होतं का त्यानं?"

पोचू घरी गेला आणि कित्येक वर्षांनी पोटभर जेवला.