बाळ्याचा अर्धा पेढा

“अवो, म्हस सुटली! पावणं, गाडी थांबवा! थांबवा की!”

आमच्या बायकोचा हा आवाज शिवाजी पेठेतून निघाला तो रंकाळ्याचं पाणी हलवूनच थांबला. पुढं माझ्या मोटारसायकलवर वारणानगरचे पाहुणे, त्यांच्या मागं शेपूट उभारून आमची चंद्रा म्हैस, तिच्या मागं तुटलेलं दावं धरायला मी, आणि माझ्या मागं बायको. या वरातीत सगळ्यात शेवटी कोण उठून आलं, ते सांगायलाच हे लिहायला बसलोय. पण त्यासाठी थोडं मागं जायला हवं.

बाळ्या आमचा कुत्रा. जात विचाराल तर आमच्या गल्लीची. पेंडीच्या पोत्यामागं सापडला तेव्हा मुठीत मावत होता. मी कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध विकतो आणि ग्लास भरेपर्यंत गिऱ्हाइकाला बाळ्याची एक गोष्ट फुकट देतो. दुधात कुणी पाणी घातलं की हा तीन गल्ल्यांवरून भुंकतो, त्यामुळं निम्मी पेठ सुधारली. अमावास्या त्याला कॅलेंडरच्या आदल्या दिवशी कळते. गोठ्यात शिरलेल्या नागाला त्यानं नुसतं बघून माघारी पाठवलं (नाग नव्हता, धामण होती; आणि ती आपणहून गेली). तर अशा बाळ्याच्या जबड्याखाली गाठ आली. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, पण वेळेत हात घातला तर कुत्रं वाचेल. ऑपरेशन, मग दर आठवड्याला इंजेक्शन. खर्च ऐकून घरातले पैसे मोजले, ते निम्म्यालाही पुरत नव्हते. कट्ट्यावर येऊन मित्रांना सांगितलं, तर ते दुधाच्या मिशा पुसत हसायलाच लागले. “कुत्र्याला कॅन्सर? उद्या म्हशीला शुगर झाली म्हणशील!” डोळ्यांतलं पाणी दाखवलं, तर म्हणाले, आज लईच रंगात आलाय गडी. त्यांचा दोष नव्हता. उभ्या जन्मात मी एक गोष्ट खरी सांगत होतो आणि ती घ्यायला कुणी तयार नव्हतं.

खरं सांगायचं तर देवावरचाही माझा विश्वास तेव्हा पातळ झाला होता. तरी गुरुवारी नृसिंहवाडीला गेलो. घाटाजवळच्या पेढ्यांच्या दुकानात दत्ताची तसबीर होती, पायाशी चार कुत्री. मला तर रागच आला. पादुकांपुढं उभा राहिलो, आणि जिथं म्हशीच्या दुधाबद्दल मी तासभर बोलू शकतो, तिथं दोन वाक्यांत आटपलं. “देवा, चारांचं तू बघतोस. माझ्या एकाचं बघ, माझ्यानं होत न्हाय.” बस्स. घंटा वाजली नाही, फूल पडलं नाही. पेढे घेऊन परत आलो आणि गाडी विकायचं नक्की केलं.

ही गाडी म्हणजे साधी गोष्ट नव्हे. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही म्हशी सजवतो, शिंगांना मोरपिसं बांधतो आणि सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या गाडीमागं पळवतो. चंद्रा लहानपणापासून याच गाडीच्या आवाजामागं पळत आलेली. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी वारणानगरचे पाहुणे गाडी विकत घ्यायला आल्यावर मी ऐटीत म्हणालो, “रेस द्या की जरा, आवाज बघा!” त्यांनी दिली. चंद्राला वाटलं, पाडवाच आला.

आणि शेवटी आला तो बाळ्या. चार दिवस अन्नाला तोंड न लावलेला, कूससुद्धा न बदलणारा बाळ्या कोपऱ्यातून उठला. म्हैस सुटली की तिला अडवायची, हे त्याचं काम. झोकांड्या खात तो माझ्याही पुढं गेला आणि चंद्रासमोर उभा राहून एकदाच भुंकला. ती थांबली. यात मी काहीही वाढवलेलं नाही; पेठेनं पाहिलंय.

पाहुणे गाडी ढकलत माघारी आले. बायकोनं शरमून त्यांच्या हातावर वाडीचा पेढा ठेवला. आजवर बाळ्याचं ज्याला त्याला सांगितलं, तो हसला होता. हे बाळ्यापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, “कुत्रं जेवतंय का?”

“चार दिस न्हाय. गाठ झालीया, तिच्यासाठीच तर गाडी इकतोय,” बायको म्हणाली.

त्यांनी पेढ्याचा अर्धा तुकडा पुढं केला. बाळ्यानं हुंगला, आमच्याकडं बघितलं आणि हळूहळू खाल्ला. बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. पाहुण्यांनी ठरलेले सगळे पैसे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, “ह्याचं बघा आधी. गाडी पाडव्यानंतर नेतो. म्हस कुणामागं पळायची मग?”

गाठ निघाली, इंजेक्शनं झाली, पाडव्याला बाळ्या चंद्राच्या पुढं शेपूट वर करून चालला. देवापुढं मोठं बोलायला लागत नाही, हात टेकून होत नाही म्हटलं तरी पुरतं, हे मला या वयात कळलं. बाळ्यासाठी गाडी दिली, ती गेली असंही वाटत नाही.

पाहुणे गाडी न्यायला आले, तेव्हा मी अर्धा तास त्यांना सांगत होतो. दत्तगुरूच तुमच्या रूपानं कसे आले, तुम्ही रेस दिलीत तेव्हा आभाळातून उदबत्तीचा वास कसा सुटला, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. किक मारायच्या आधी विचारलं, “कुत्रं जेवतंय न्हवं?”

“व्हय की! माझ्या ताटातलं पण!”

“मग झालं,” ते म्हणाले.